शिमोन भालेराव यांची संमती

“चौदा,” सिस्टर इग्नेशिया म्हणाल्या. “मी पंधरा म्हटलं होतं, त्रिभुवन बाई.”

“अजून वीस मिनिटं आहेत, सिस्टर.”

“आहेत ना. बाराची घंटा झाली की मी गठ्ठा बांधणार. पंधरा असले तर आठवीला संस्कृत. नसले तर त्या खोलीत टेक्निकलची ड्रॉइंगची टेबलं लागतील.”

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावलेल्या माणसाला विनवता तरी येतं. त्यांनी माझ्या बाकावरची पेन्सिल सरळ करून ठेवली आणि ऑफिसात निघून गेल्या.

निकालाचा दिवस होता. सातवी पास झालेल्या मुलांनी आठवीसाठी विषय निवडायचा होता: टेक्निकल, संस्कृत, नाहीतर नुसतं हिंदी. तिन्हींचे तास एकाच वेळी, त्यामुळे एक धरलं की बाकीची दोन सुटली, ती दहावीपर्यंत. व्हरांड्यात मी बसले होते, समोर दोन गठ्ठे. डावीकडं मुलांच्या चिठ्ठ्या. उजवीकडं पालकांची संमतिपत्रं. दोन्हींत फरक निघाला तर पालकाचा शब्द शेवटचा, हा सिस्टरांचा नियम.

मी सव्वीस वर्षांची होते. शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष संपत आलं होतं. जूनमध्ये संस्कृतचा वर्ग भरला तर मी कायम. नाही भरला तर

हे वाक्य मी तेव्हाही पुरं करत नसे.

•

याआधीच्या मुलाखती. पहिली शाळा. “त्रिभुवन. म्हणजे ख्रिश्चन का तुम्ही? आणि संस्कृत? वा, कौतुक आहे हो.” पत्र आलं नाही.

दुसरी शाळा. “एखादं स्तोत्र म्हणून दाखवा.” म्हटलं. “उच्चार फार स्वच्छ आहेत. घरी कोण म्हणतं?” कुणी नाही, म्हणाले. पत्र आलं नाही.

तिसरी शाळा. पत्र आलं, जागा भरल्याचं. त्यावर माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

आणि आमच्या चर्चच्या पायरीवर: “मास्तरांची पोरगी भटांचं शिकून आली बघा. आपल्या पोरांना काय करायचंय ते?” मास्तर म्हणजे माझे वडील. वस्त्यावस्त्यांवर सायकलीनं जाऊन प्रार्थना शिकवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

इकडं मी भटांची. तिकडं मी मिशनची. मला तास देणारी पंचक्रोशीत ही एकच शाळा होती.

•

संमतिपत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एका ओळीचा मजकूर. ‘माझ्या पाल्यास ........ हा विषय घेण्यास माझी संमती आहे.’ खाली सही.

आमच्याकडं मिशनच्या कागदावर सही आधी होते आणि मजकूर नंतर. बाप्तिस्म्याची नोंद असो, बोर्डिंगचा अर्ज असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, फादर वस्तीवर आले की लोक खाली सही नाहीतर अंगठा करून द्यायचे आणि वरचं मिशनमध्ये बसून कुणीतरी भरायचं. आजोबांच्या वेळेपासून तसंच. वर काय लिहिणार, असं विचारणं म्हणजे मिशनवर संशय घेणं. मुलांना यातलं काही माहीत नसे; वरचंही आईबापच लिहितात असं त्यांना वाटे.

मीही तेच केलं. आधीच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभी राहिले आणि बावन्न कोऱ्या संमतिपत्रांवर बावन्न सह्या घेतल्या. नंतर मूल चिठ्ठीत जो विषय लिहील तो त्याच्या बापाच्या कागदावर माझ्या हातानं भरायचा. यात काही गैर आहे असं त्यांना वाटलं नाही. मलाही नाही.

शिमोन भालेरावांनी फादरांच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली होती. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, त्यांचं दुकान होतं. उंच माणूस, कपडे नेहमी वार्निशच्या वासाचे.

“फिलू सांगेल तसं भरा, बाई,” ते म्हणाले. “तिचं सगळं ठरलेलं आहे.”

•

बाराला दहा कमी.

“बाई, माझी चिठ्ठी.”

फिलोमिना भालेराव. तेरा वर्षांची, दोन वेण्या, नखांत काळं.

“एवढा उशीर?”

“एक मोटार द्यायची होती. माणूस सकाळपासून दारात बसलेला, उठंच ना. पप्पांनी एक बाजू भरली, मी एक.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: टेक्निकल. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“टेक्निकलला अठ्ठावीस मुलगे आहेत, फिलोमिना.”

“माझ्यासकट एकोणतीस.”

“तू मुलगी आहेस.”

“ते माहितीय बाई मला.”

“संस्कृतला गुण पडतात. पन्नासातले पंचेचाळीस कुठं जात नाहीत.”

“मला गुण नको, लेथ पायजे.”

“लेथ घेऊन काय करणार?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी पाणी पिऊन काय करणार असं विचारलं होतं.

“मोटारीचा दांडा झिजला की लेथवर कातून घ्यायला पप्पांना नगरला जावं लागतं. तो लेथवाला दोन दोन दिवस बसवून ठेवतो. वर म्हणतो, काय पाद्री, आलात का पुन्हा. मी शिकले की दांडा मीच करणार. आणि ब्रदर म्हणाले, टेक्निकलवाल्यांना डिप्लोमाला वेगळ्या जागा असतात. नाहीतर आमच्यासारख्यांचा नंबर कुठून लागायचा?” तिनं एक एक बोट दुमडलं. “आठवी, नववी, दहावी. मग डिप्लोमा, तीन वर्षं. मग दुकान.” हाताची बोटं संपली तशी ती हसली.

तिला ब्रदर अल्फोन्स ओळखत होते. वर्कशॉप त्यांच्याकडं. सातवीची सगळी मुलं तिकडं एकदा बघायला जायची, तेव्हा म्हणे ही दोन तास यंत्रापाशी उभी होती आणि तिला ओढून बाहेर काढावं लागलं होतं.

“एक वर्ष संस्कृत घेऊन बघ,” मी म्हणाले.

“मग नववीत टेक्निकल मिळतं?”

“नाही मिळत.”

“मग?”

ऑफिसच्या दारातून सिस्टरांचं घड्याळ दिसत होतं.

“माझ्यासाठी घेतेस का?” मी म्हणाले.

विद्यार्थिनीला. तेरा वर्षांच्या. हात जोडले नव्हते एवढंच.

तिला लाज वाटली, माझी. ती इकडंतिकडं बघून हसली. “काहीतरीच काय, बाई!”

मी तिच्या वडिलांचा कागद उजव्या गठ्ठ्यातून काढून गठ्ठ्याआड, तिला दिसणार नाही असा घेतला. कोरी जागा, खाली सही. पेन उचललं.

घंटा झाली.

•

जून. आठवीचा पहिला दिवस, शेवटच्या दोन तासिका.

मी हजेरी घेत होते. पंधरा नावं होती. चौदा मुलांनी ‘हजर’ म्हटलं.

“भालेराव फिलोमिना.”

कुणीतरी म्हणालं, “ती वर्कशॉपला गेली बाई.”

मी पुढं शिकवायला लागले. काय शिकवलं ते आठवत नाही. वीसेक मिनिटांनी ती दारात आली. मागं ब्रदर अल्फोन्स.

“त्रिभुवन बाई, माझ्या यादीत हिचं नाव नाही,” ब्रदर म्हणाले. “सिस्टरांनी तुमच्याकडं पाठवलं. मी म्हटलं काहीतरी चुकलं असणार. हिच्या बोटांना तारेची जाडी कळते हो, गेज न लावता सांगते. असं पोर मला वर्षाला एक मिळत नाही.”

“बाई, माझं नाव इकडं कसं?” ती म्हणाली. “मी तर टेक्निकल लिहिलंय.”

मी टेबलाचा खण उघडला. मला माहीत होतं की असं होणार. म्हणून तो कागद मी सिस्टरांच्या गठ्ठ्यातून मागून आणून ठेवला होता.

“तुझ्या पप्पांनी संस्कृत लिहिलंय,” मी म्हणाले. “हे बघ.”

तिनं कागद दोन्ही हातांत धरला. सही ओळखली, ते दिसलं. मग वरची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल हे खोटं आहे. तिनं म्हणावं असं मला वाटत होतं, असंही मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

“पप्पांचं अक्षर इतकं छान आहे?” ती म्हणाली.

पालकाचा शब्द शेवटचा. ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग उचलला, आणि गेले.

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. दप्तर उघडलं नाही.

•

बाराची घंटा.

घंटेपाशी मघाशी मी थांबले. आता सांगते.

आमच्या शाळेत बारा वाजता एंजलसची घंटा होते. तीन ठोके, थांबा. तीन ठोके, थांबा. तीन ठोके. जो जिथं असेल तिथं उभा राहतो, हात जोडतो, डोळे मिटतो. पळणारा थांबतो. भांडणारे थांबतात. हिंदू मुलंही मिटतात, सवयीनं. शंभर माणसांत एकाचेही डोळे उघडे नसतात. ते मला माहीत होतं, कारण लहानपणी मी उघडून बघायची आणि मार खायची.

तीन ठोके. मी उभी राहिले. पेन हातातच होतं.

तीन ठोके. समोर फिलोमिनाचे डोळे घट्ट मिटलेले. ऑफिसात सिस्टर पाठमोऱ्या, क्रुसाकडं तोंड करून.

तीन ठोके. सिस्टरांनी प्रार्थना सुरू केली, सगळी शाळा मागून म्हणू लागली. देवदूत मरियेकडं येतो, निरोप सांगतो, ती हो म्हणते. रोज हेच म्हणतो आम्ही. तोंडानं मीही म्हणत होते. मी किंचित वाकले आणि कोऱ्या जागेत लिहिलं: संस्कृत.

अक्षर हललं नाही. उलट त्या दिवशीच्या बावन्न कागदांत ते सगळ्यात सुबक आलं होतं.

मरियेला निदान विचारलं होतं.

प्रार्थना संपली. कागद मी पालथा करून गठ्ठ्यात सारला होता.

“झालं, बाई?” फिलोमिनानं विचारलं.

“झालं.”

“जाऊ?”

“जा.”

ती पायऱ्या एक सोडून एक उतरत गेली. सिस्टर बाहेर आल्या, गठ्ठा मोजला. “पंधरा,” म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. “बघा, मिळाला की नाही?”

•

हे मधेच सांगून टाकते, शेवटाला ठेवलं तर त्याला वजन येईल आणि त्याला वजन नको.

मी कायम झाले. अजून त्याच शाळेत आहे. बावीस वर्षं झाली.

फिलोमिनाला दहावीला संस्कृतात पन्नासपैकी सेहेचाळीस मिळाले. डिप्लोमाला नंबर लागला नाही. सिन्नरकडं एका कारखान्यात ती पॅकिंगला लागली असं कळलं. तिथं लेथ असतील. लांबून दिसत असतील.

ती तीन वर्षं माझ्या वर्गात होती. त्या तीन वर्षांत मी फळ्यावर माझं अक्षर बदललं. वळणदार लिहायची ती तिरकं, तुटक लिहायला लागले. इतर मुलांच्या वह्यांत शेरे लिहायची. तिच्या वहीत नुसती बरोबरची खूण. चुकलं असेल तिथं गोल. एक शब्द लिहिला नाही कधी. एकदा तिनं विचारलं, “बाई, माझ्याच वहीत तुम्ही काही लिहीत नाही.” मी म्हणाले, तुला लागत नाही.

•

त्या जूनमध्येच, आठव्या दिवशी, मधल्या सुट्टीत शिमोन भालेराव आले.

मी वर्गात एकटी होते. ते दारात चपला काढून आत आले. शाळेत कुणी चपला काढत नाही. बाकावर बसायला सांगितलं तर बसले, गुडघे वर आले.

“तो कागद बघू का, बाई?”

मी दिला. त्यांनी तो खिडकीकडं धरला. बराच वेळ धरला.

“यात कुठं काय लिहिलंय, ते सांगा.”

“म्हणजे?”

“मला सहीपुरतंच येतं,” ते म्हणाले. “ती पण तुमच्या वडिलांनी शिकवली. लग्नाच्या रजिस्टरात अंगठा नको म्हणाले. आठ दिवस पाटी घेऊन बसवलं मला मास्तरांनी.”

मी बोट ठेवलं. “हा शब्द.”

त्यांनी माझं बोट उचलल्यावर तिथं स्वतःचं ठेवलं. गेज बघतात तसं अलगद.

“फिलू सांगेल तसं भरा म्हणालो होतो.”

“हो.”

“तिनं टेक्निकल सांगितलं होतं.”

“हो.”

बाहेर मुलं ओरडत होती. ते माझ्याकडं बघत नव्हते, कागदाकडं बघत होते. एक वाक्य सांगायचं होतं फक्त, तीन शब्दांचं: मी मुद्दाम लिहिलं.

“बावन्न कागद होते,” शिमोन भालेराव म्हणाले. “घाईत झालं असंल.”

त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं. मी घेतलं.

“हो,” मी म्हणाले. “घाईत झालं.”

“होतं.” त्यांनी मान हलवली. “आता बदलता येतं का?”

विषयांची यादी अजून सिस्टरांच्या टेबलावर होती. शनिवारी शिक्षण खात्याकडं जाणार होती. हा माणूस ऑफिसात जाऊन एक वाक्य बोलला असता तर सिस्टरांनी तिथल्या तिथं खोडून दिलं असतं. मग चौदा.

“नाही येत,” मी म्हणाले. “यादी गेली.”

त्यांनी हातांची बोटं एकमेकांत घातली, सोडवली.

“मग एक करा, बाई. चूक तुमची होती असं तिला सांगू नका.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“तुम्ही मास्तरांची मुलगी. आज ना उद्या सांगाल तिला, की बाई माझ्या हातून चुकलं. सांगू नका.”

“का?”

“घरी आली त्या दिवशी. म्हणाली, पप्पा, हे तुम्ही लिहिलं? आता काय सांगू? मला लिहिता येत नाही म्हणून सांगू? मोटारीवरची पाटी मी तिच्याकडून वाचून घेतो, चष्मा सापडत नाही म्हणतो. इतकी वर्षं. हो म्हणालो. मीच लिहिलं. पोरीच्या जातीला लेथ कशाला, असं पण म्हणालो, कारण तिनं विचारलं का लिहिलं.”

“शिमोन भाऊ...”

“बोलत नाही आता माझ्याशी. दुकानात येत नाही. तिची बाजू रिकामी ठेवून मीच दोन्ही बाजू भरतो.” ते उठले. कागद त्यांनी जुन्याच घडीवर घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला, हळू, फाटेल की काय असा. “पण काल रात्री आईला सांगत होती. मी बाहेर हात धूत होतो, ऐकू आलं. म्हणाली, पप्पांनी माझं वाटोळं केलं, पण आई, अक्षर काय सुंदर आहे गं त्यांचं.”

ते दारापाशी गेले. चपला पायात सरकवल्या.

“तेवढं राहू द्या, बाई.”

मी राहू दिलं.